दीड मिलची पोर

"इला बघ तुझा चेडू," घाडी वस्ताद म्हणाले.

मी चहाचा मग दगडावर ठेवला. रायफलीचा बोल्ट उघडला, आत काही नाही हे बोटानं चाचपलं आणि मगच तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. खाली, शेवटच्या घराच्या मागून, ती लाल फेरनवाली पोर बाहेर आली होती. फेरन म्हणजे तिकडचा तो ढगळा अंगरखा. तिच्या पुढं करडू. पडक्या बांधापाशी आली की ती नेहमी थांबायची, करडाला आधी उडी मारू द्यायची आणि मग आपण चढायची. थांबली तसं मी तिच्या पायापासून डोक्यापर्यंत काचेतल्या खुणा मोजल्या.

"दीड," मी म्हणालो.

"काल पण दीडच होता."

"मग काल काय खोटं बोललो काय मी?"

"तसा नाय रे मेल्या. एका दिवसात कितीसा वाढतला?"

हवालदार विश्राम घाडी मालवणकडचे. माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी वस्ताद म्हणायचो. मी नाईक दिनकर शेडगे, माणदेशातला. काश्मीरातल्या त्या उंच चौकीवर आमची दोघांची जोडी होती. रायफल माझी, तीन पायांवरची मोठी दुर्बीण आणि वाऱ्याचा अंदाज त्यांचा. सीमेचं कुंपण आणि खालचं गाव यांच्या मधला तो उतार आमच्या नजरेखाली ठेवलेला, कारण पलीकडून कुणी घुसलाच तर त्या उतारावरच्या नाल्यानंच उतरणार.

मिल म्हणजे काय, हे मला निवृत्तीनंतर गावात इतक्या जणांनी विचारलंय, की आता कंटाळा आलाय. पण सांगतो. मिल हे कोनाचं माप. हजार मीटरवर मीटरभर उंचीची वस्तू जेवढी दिसते, तेवढा एक मिल. वस्तूची उंची ठाऊक असली की अंतर निघतं, अंतर ठाऊक असलं की उंची निघते. तो बांध आमच्यापासून सातशे मीटरवर, हे आम्ही मोजून ठेवलेलं. सातशेवर दीड मिल म्हणजे एक मीटर आणि वर चार बोटं. झालं. यात कसली हुशारी नाही, शाळेतला गुणाकार आहे.

रायफलीवरच्या त्या नव्या दुर्बिणीची मात्र एक खोड होती. तिची कडी फिरवली की समोरचं चित्र लहानमोठं व्हायचं, पण खुणा होत्या तेवढ्याच राहायच्या. त्या खुणा खऱ्या फक्त कडी दहावर, म्हणजे दहापटीवर, असताना. सहावर ठेवून मोजलं तर माणूस आखूड भरायचा. शिवाय आतल्या खुणा मिलच्या आणि बाहेर फिरवायच्या चकत्या मिनिटांच्या. घड्याळाची मिनिटं नव्हेत. अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक. एका मिलची होतात साधारण तीन पूर्णांक चार मिनिटं. म्हणजे बघायचं एका मापात आणि फिरवायचं दुसऱ्या. ज्यानं ती बनवली त्याच्या घरात नवराबायको एकमेकांशी बोलत नसावेत, असं घाडी म्हणायचे.

तर ती पोर दीड मिलची होती आणि माझी लेक ऋतुजाही तेवढीच होती. हे मला कसं ठाऊक? फोनवरून. आमच्या घराच्या दाराची आतली कडी मी स्वतः बसवलेली, तिची उंची मला पाठ. बायकोला म्हणालो होतो, "कल्पना, रुतूला दाराला टेकवून उभी कर आणि डोकं कडीच्या किती वर जातं बघ." ती म्हणाली, "चार बोटं वर. पण तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं, "मला काय करायचंय ते मी बघतो." मग तिनं फोन रुतूच्या कानाला लावला. "बोल की, बाबा आहेत." पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मी इकडून "रुतू, ए रुतुडी," करत बसायचो. मागं रांगेत उभी असलेली पोरं घड्याळं बघायची. आणि फोन कटायचा.

शेवटचं तिला पाहिलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. माझ्या बोटाला धरून ओढ्यापर्यंत यायची. मधली एक रजा कोर्सात गेली आणि दुसरी रस्ता बर्फानं बंद झाला त्यात. आता ती चार वर्षांची होती आणि ती कशी चालते, कशी बसते, रुसली की काय करते, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. खरं सांगतो, तिच्या आठवणीनं माझा जीव तुटायचा. आणि मग एके दिवशी दुर्बिणीत ही पोर आली. हिचा करडावर ओरडायचा झटका, हिचं बांधावर पाय हलवत बसणं, मी सगळं बघून घ्यायचो. मनात म्हणायचो, बहुतेक असंच असेल.

एकदा सुभेदारसाहेबांनी मला पकडलं. जगदाळेसाहेब कऱ्हाडचे, मिशीवाले, आवाज खणखणीत.

"शेडगे, काय चाललंय रं?"

"निगराणी, साहेब."

"निगराणी तिकडं कुंपणावर करायची. तू रायफलीच्या दुर्बिणीतनं लेकराकडं बघतोयस. बोल्ट उघडा ठेवतोस ते दिसतंय मला, पण तरी. तुझ्या पोरीकडं असं कुणी बघितलं तर चालंल का तुला?"

मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, खरं कुणी बोललं की आधी राग येतो. "चालंल की साहेब. कुणीतरी बघू दे तिच्याकडं. मी तर बघत न्हाई."

जगदाळेसाहेबांनी तीन पायांवरच्या दुर्बिणीकडं बोट केलं. मग म्हणाले, "बघायचंच आहे तर घाडीच्या दुर्बिणीतनं बघ."

"तिला खुणा न्हाईत."

"खुणा कशाला पायजेत?"

घाडींनीच सांगितलं, "साहेब, त्याची मुलगी एवढीच आहे."

साहेब मिशीवरून हात फिरवत निघून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ते यायच्या वेळी मात्र मी कुंपणाकडं बघत असायचो.

त्या साली बर्फ लवकर वितळलं. वितळताना ते खाली सरकलं आणि सरकताना कुंपणाचे दोन खांब घेऊन गेलं. नाल्याच्या वळणावर तार जमिनीपासून हातभर वर लोंबत राहिली. तारेच्या पलीकडं सुरुंग पेरलेले होते. लाल त्रिकोणाच्या पाट्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याच चिखलात आडव्या. दुरुस्तीची तुकडी आज येते, उद्या येते, असं चाललेलं. गावाला सांगून ठेवलं होतं, तिकडं ढोरं सोडू नका. गाव ऐकत होतं. पण करडाला कोण सांगणार?

त्या सकाळी धुकं होतं. धुक्यात लांबचं मोठं करून बघण्यात अर्थ नसतो, म्हणून मी कडी सहावर आणून सगळा उतार एकदम बघत होतो. उन्हं आली, धुकं फाटलं. घाडी मोठ्या दुर्बिणीत डोकं घालून बसले होते.

"दिनकर."

ते मला कधी नावानं हाक मारत नसत. मी वळलो.

"करडू तारेखालून गेला. आणि चेडू त्येच्या पाठसून चालला."

मी रायफलीमागं आडवा झालो. ती नाल्याच्या वळणावर होती, तेही बांधाइतकंच, सातशेवर. लाल फेरन, हातात काठी. करडू तारेपलीकडं गवताला तोंड लावत होतं. ती तारेकडं चालली होती, थांबून करडाला काहीतरी म्हणत होती, पुन्हा चालत होती.

घाडींनी उभं राहून दोन्ही हात तोंडाला लावले आणि हाक मारली. त्यांचा आवाज समुद्रावरच्या माणसाचा, पण वारा उजवीकडून तिरपा, आमच्याकडंच येत होता. तिनं मान वर केली नाही.

"तिका ऐकाक येवचा नाय," ते म्हणाले आणि फोन उचलला. खालच्या चौकीला सांगितलं, गावात माणूस पळवा. मी इकडून ऐकत होतो. खालची चौकी गावाच्या पलीकडच्या अंगाला. तिथून माणूस येईपर्यंत ती तीनदा तारेखालून गेली असती.

जगदाळेसाहेब धावत बाहेर आले. पायात बूट, नाड्या सुटलेल्या. घाडींनी बोटानं दाखवलं. त्यांनी आपली दुर्बीण लावली आणि त्यांच्या तोंडून शिवी गेली.

"साहेब," मी म्हणालो, "तिच्या पुढ्यात गोळी टाकतो. ती आन तार यांच्या मधल्या मातीत. धूळ उडली की थांबंल."

"आणि लागली तर?"

"लागणार न्हाई."

"दगडावरनं उसळली तर?"

"तिथं चिखल आहे, साहेब. दगड न्हाई."

मी साहेबांकडं बघितलं नाही, कारण डोळा काढला असता तर ती कुठं गेली ते कळलं नसतं. ती पुन्हा थांबली होती आणि काठीनं तार वर उचलता येते का बघत होती. नाही पोचली काठी. अजून सहा पावलं हवी होती.

"टाक," साहेब म्हणाले. "हुकूम माझा. कागदावर माझं नाव लागंल."

मी गोळी भरली. आयुष्यात त्या रायफलीत शेकड्यांनी गोळ्या भरल्या असतील, पण अशी कधी नाही. समोर रुतूएवढी पोर, आणि मी बोल्ट लावतोय.

"वारो उजवीकडसून," घाडी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम सपाट झाला होता, कवायतीतला. "अर्धो मिल. गोळी चेडवाच्या अंगाक ढकलतलो. ध्यानात धर."

आमच्या बाजूनं बघता तार तिच्या उजवीकडं. गोळी तिच्यापासून दोन मीटरवर, तारेच्या अलीकडं पडायला हवी होती. सातशेवर दोन मीटर म्हणजे तीन मिल. वारा तिच्याकडं ढकलणार, त्याचा अर्धा. साडेतीन. चकत्या फिरवून मिनिटांत हिशेब करायला वेळ नव्हता. उंची सातशेला बसवलेलीच होती. तिला डावीकडच्या साडेतीनच्या खुणेवर धरायचं आणि मधल्या फुलीवर काय येतं ते न बघता घोडा दाबायचा, एवढंच काम.

"साडेतीनवर धर," घाडी म्हणाले.

"धरली."

मी श्वास सोडला. बोट घोड्यावर आलं. आणि तिथंच मला काहीतरी खटकलं. काय ते कळेना, पण बोट पुढं जाईना.

"काय झाला?" घाडी म्हणाले.

"पोर लहान दिसतीया."

"काय?"

"वस्ताद, ती दीडची आहे. ही एकसुद्धा भरंना."

ती उभी होती, ताठ, वाकलेली नाही. रोज दीड भरणारी पोर, आज खूण पण पुरी भरत नव्हती. पोर काही रात्रीत आटत नाही. म्हणजे खुणा खोट्या होत्या. कडी सहावर होती, धुक्यात मीच ठेवलेली. सहावर एक खूण दीड मिलच्या वर जाते. साडेतीन खुणा म्हणजे जवळजवळ सहा मिल. गोळी तारेपलीकडं गेली असती, त्या पेरलेल्या जमिनीत, करडाच्या पायाशी. तिला वाटलं असतं करडाला काहीतरी झालं. आणि ती धावली असती.

मी कडी दहावर फिरवली. चित्र मोठं झालं. पायापासून डोक्यापर्यंत दीड. ती आता चालायला लागली होती. एक पाऊल, दुसरं. मी तिच्याबरोबर रायफल सरकवली. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यासाठी थांबली.

मी दाबलं.

एवढ्या लांब गोळी पोचायला श्वासभर वेळ लागतो. तेवढ्यात माणूस काहीही करू शकतो, एक पाऊल पुढं टाकू शकतो. त्या श्वासात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही.

"माती उडली," घाडी म्हणाले. "तिच्या फुडे. दीड हात तारेच्या अलीकडे. चेडू उभा आसा. नाय, बसला. खाली बसला."

मला दिसत होतं. ती मटकन खाली बसली होती आणि दोन्ही हात कानांवर घेतले होते. काठी बाजूला पडलेली. मी बोल्ट उघडला, रायफल बाजूला ठेवली आणि मग मात्र मला बघवेना. जगदाळेसाहेबांनी माझे हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवले.

"म्हातारो इलो," घाडी सांगत राहिले. "आजो असात. पळता पळता पडलो. उठलो. उचलल्यान तिका." आणि मग डोळे पुसून मोठी दुर्बीण उगाचच फडक्यानं साफ करत बसले. करडू थोड्या वेळानं आपलं आपण तारेखालून परत आलं. त्याला काही झालं नाही.

साहेबांनी कागदावर खरंच आपलं नाव लावलं. वरून विचारणा झाली, शाबासकीही झाली. तार दुसऱ्याच दिवशी बांधली गेली, जे काम महिनाभर होत नव्हतं ते.

पण ती पोर पुन्हा त्या उतारावर आली नाही. पहिले काही दिवस घाडी सकाळी खाली बघायचे आणि दुर्बीण कुंपणाकडं वळवायचे. बांधावर करडू यायचं, त्याच्यामागं एक थोराड मुलगा. मी त्याला कधी मोजलं नाही. कल्पनाला फोन लावला की ती म्हणायची, रुतू आता पाच बोटं झाली. मी म्हणायचो, बरं. पण पाच बोटं म्हणजे केवढं, ते बघायला समोर कुणी उरलं नव्हतं. ती वाचली याचा आनंद होता, नव्हता असं कसं म्हणू? पण माझ्या पोटची पोर मी स्वतःच हाकलून दिली, असं वाटत राहिलं.

आमची चौकी बदलली तेव्हा आम्ही पायी उतरलो. गाड्या गावात थांबल्या होत्या. घाडी म्हणाले, "जा. भेटून ये. नायतर जन्मभर माझ्या डोक्याक ताप देशील."

मी घरून आलेल्या पार्सलातला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला आणि त्या शेवटच्या घरापाशी गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. मी गोळीबद्दल काही बोललो नाही, फक्त वरच्या चौकीतला आहे असं सांगितलं. तो उठला, त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"उस दिन ऊपर से किसी ने हमारी बच्ची बचाई थी, साब. आप जानते हो उसको?"

"हां, जानता हूं."

"हमारी दुआ बोलना उसको. बस, बच्ची तब से वर्दी से डरती है. फौजी दिखा, तो खाट के नीचे." असं म्हणून तो हसला आणि आत वळून म्हणाला, "झूना, बाहर आ. चाचा मिठाई लाए हैं."

झूना. इतके महिने मी तिला मनात रुतू म्हणत होतो. दाराच्या अंधारात लाल रंग हलला आणि आणखी आत गेला. म्हाताऱ्यानं पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, राहू दे. डबा उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरलो. लाल रंग थोडा पुढं आला. मी अंगणाच्या कडेला गेलो, तेव्हा तिचं तोंड दिसलं. नाकावर उन्हानं सोललेली कातडी, एक दात पडलेला. हे दुर्बिणीतनं कधी दिसलं नव्हतं. मी अर्धं पाऊल पुढं टाकलं आणि ती गेली.

मग मी वळलोच. रस्त्यावर गाडीपाशी पोचून मागं बघितलं, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून लाडू खात होती. पाय हलवत.

तिथून मी रजेवर घरी गेलो. दारात कल्पना उभी होती आणि तिच्या पदराआड रुतू. मी खाली बसून हात पुढं केले. रुतूनं रडायला सुरुवात केली. कल्पना शरमली, तिचा दंड धरून पुढं ओढू लागली. "अगं, बाबा आहेत तुझे. जा की. येडी का काय."

"ओढू नकोस तिला," मी म्हणालो.

मी उठलो आणि अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो. कल्पनाला ते आवडलं नाही. एवढ्या महिन्यांनी आलेला माणूस घरात न येता गोठ्यापाशी बसतो म्हणजे काय? तिनं तिथंच चहा आणून दिला. रुतू दारातून माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

रोज मी तिथं बसायचो. ती आधी दारात, मग पायरीवर, मग तुळशीपाशी येऊन खेळायची. जवळ बोलवायचा मोह किती व्हायचा, काय सांगू. जीभ चावून बसायचो. एकदा तिचा चेंडू माझ्यापर्यंत आला, तो मी तिच्याकडं घरंगळत सोडला आणि ती पहिल्यांदा हसली.

रजेच्या शेवटच्या संध्याकाळी मी तसाच भिंतीला टेकून बसलो होतो. ती आली, माझ्या मांडीवर बसली आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ काढायला लागली. मी हललो नाही. ती तिथंच झोपली.

माझी गाडी पहाटेची होती. ती उठायच्या आत मला निघावं लागलं.